पत्र्याच्या छपरांचा व्यवसाय: मोजमाप, पत्र्याची ऑर्डर आणि टोळ्यांचे नियोजन यांचा क्रम कसा बसवावा?

पन्हळ (चिपळूण)

नमस्कार. चिपळूण, खेड आणि गुहागर या पट्ट्यात आमचा लोखंडी सांगाडा उभारून त्यावर रंगीत पत्र्याची छपरे घालण्याचा व्यवसाय आहे. स्लॅबच्या घरावर गच्चीची शेड, जुन्या कौलारू घराचे किडलेले वासे आणि रिपा उतरवून त्या जागी लोखंडी कैच्या व पत्रा, आणि अधूनमधून काजूच्या किंवा आंब्याच्या पेट्यांच्या गोदामाची शेड, अशी आमची कामे असतात. दोन टोळ्या आहेत. प्रत्येकीत एक मिस्त्री, एक वेल्डर आणि मदतनीस. एक पिकअप आहे, कार्यालयात बिले लिहिणारा एक मुलगा आहे, आणि मोजमाप, कोटेशन, खरेदी व वसुली ही उरलेली सगळी कामे माझ्याकडे आहेत.

काम मिळण्याची अडचण नाही. अडचण आहे ती कामाच्या क्रमाची. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत गिऱ्हाईक विचार करत राहते, शिमग्याला मुंबईकर मंडळी गावी येऊन घराकडे बघून जातात, आणि एप्रिल उजाडला की प्रत्येकाला मृग लागायच्या आत छप्पर हवे असते. त्या दोन महिन्यांत आमचे जे हाल होतात ते थोडक्यात असे. पत्रा आम्ही लांबीप्रमाणे कापूनच मागवतो, तो बहुधा कुंभार्ली घाटमार्गे येतो, आणि एकदा कापलेला पत्रा पुरवठादार परत घेत नाही. त्यामुळे मापात दहा सेंटिमीटरचा घोळ झाला तरी तो पत्रा आमच्या अंगणात पडून राहतो. कधी पत्रा येतो पण आढ्यावर बसणारे कोनाचे पत्रे येत नाहीत, कधी स्क्रू कमी पडतात, कधी गिऱ्हाईक रंग बदलते, आणि टोळी माळ्यावर बसून माझ्या फोनची वाट पाहते. मी तेव्हा दुसऱ्या गावात कोणाच्या तरी गच्चीवर टेप धरून उभा असतो. काम संपल्यावर बिलाच्या वेळी चौरस फुटांवरून वाद होतो, आणि जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडला की गळतीचे फोन सुरू होतात. ते निस्तरायला त्याच टोळ्या जातात आणि राहिलेली कामे आणखी मागे पडतात.

मोबाइलवरचे एखादे ॲप घ्यावे, आणखी एक टोळी वाढवावी की एखादा सुपरवायझर ठेवावा, असे तीन सल्ले मला मिळाले आहेत. तिन्हींना पैसे लागतात, म्हणून त्याआधी याच धंद्यातील लोकांना विचारावे असे वाटले. तुमच्याकडे मापापासून बिलापर्यंत काम कोणत्या क्रमाने पुढे सरकते, आणि त्यात मालकावाचून अडणारी जागा तुम्ही कशी कमी केली?

कृष्णाकाठ (सांगली)

पन्हळ, तुम्ही मांडलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ मला एकाच ठिकाणी दिसते, आणि ते म्हणजे पत्र्याची ऑर्डर कोणत्या मापावरून जाते. कोटेशनसाठी घेतलेल्या मापावरूनच जर पत्रा मागवला जात असेल, तर बाकी कितीही शिस्त लावली तरी पत्रा कमी-जास्त होणारच. पहिले माप भिंतीचे असते आणि पत्रा बसतो पर्लिनवर, म्हणजे कैच्यांवरून आडव्या जाणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर. या दोहोंमध्ये वेल्डरचा हात, खांबाचा तोल आणि जुन्या भिंतीचा वाकडेपणा एवढ्या गोष्टी येतात. आमच्याकडे म्हणून दोन मापे असतात. पहिले माप दराचे, तेवढ्यावर पाइप, प्लेट आणि बोल्ट यांची खरेदी होते. दुसरे माप पर्लिन बसल्यावरचे, आणि पत्र्याची ऑर्डर फक्त त्यावरूनच जाते. घाई कितीही असली तरी हा नियम आम्ही मोडत नाही.

दुसऱ्या मापात लांबी-रुंदीबरोबर दोन्ही कर्ण मोजणे आवश्यक आहे. बारा मीटर बाय आठ मीटरच्या छपराचा कर्ण 14.42 मीटर यायला हवा. दोन कर्णांत फरक असेल तर छप्पर काटकोनात नाही, आणि तसाच पत्रा घातला तर वळचणीला करवतीसारखे दात दिसतात किंवा शेवटच्या पत्र्याला तिरकी कापणी करावी लागते. चिऱ्याच्या जुन्या घरांत हा फरक हमखास सापडतो. तो पर्लिनच्या टप्प्यावर सापडला तर वेल्डर दुरुस्त करू शकतो. पत्रा आल्यावर सापडला तर दुरुस्ती कातरीनेच होते.

आता चौरस फुटांच्या वादाविषयी. एकच छप्पर तीन वेगवेगळ्या आकड्यांत मोजता येते आणि तिन्ही आकडे खरे असतात, हे गिऱ्हाइकाला कोटेशन देतानाच दाखवावे. वरचेच उदाहरण घ्या. जमिनीवर पडणारी छपराची सावली मोजली तर 12 गुणिले 8, म्हणजे 96 चौरस मीटर. उतार 20 अंशांचा असेल तर चार मीटरच्या अर्ध्या गाळ्यावर पत्र्याची तिरकी लांबी 4.26 मीटर होते आणि दोन्ही बाजू मिळून छपराचे क्षेत्र सुमारे 102 चौरस मीटर भरते. प्रत्यक्ष विकत घेतलेला पत्रा मात्र आणखी जास्त असतो, कारण 1220 मिलिमीटर रुंदीच्या कॉइलला घड्या पडल्यावर पत्र्याची झाकणारी रुंदी साधारण एक मीटर उरते आणि उरलेला काठ शेजारच्या पत्र्याखाली जातो. म्हणजे एका बाजूला बारा आणि दोन्ही बाजूंना चोवीस पत्रे, प्रत्येकी 4.3 मीटर लांबीचे; चढणारा काठ धरून हे सुमारे 110 चौरस मीटर होतात. चौरस फुटांत सांगायचे तर 1033, 1100 आणि 1188. गिऱ्हाईक मनात पहिला आकडा धरते, मिस्त्री दुसरा सांगतो आणि पुरवठादाराच्या बिलावर तिसरा असतो. मग शेवटी वाद होणार नाही तर काय होईल? कौलारू घराचा जुना उतार तसाच ठेवायचा असेल आणि तो 30 अंशांच्या आसपास असेल, तर सावलीपेक्षा छपराचे क्षेत्र पंधरा टक्क्यांहून अधिक वाढते, हेही तेव्हाच सांगावे. आमचा दर छपराच्या तिरक्या क्षेत्रावर असतो आणि कोटेशनवर ते एका वाक्यात छापलेले असते.

माप आणि ऑर्डर यांत जे दोन-चार दिवस जातात, त्या काळात टोळीने काय करायचे, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. त्याचे उत्तर म्हणजे सांगाड्याची टोळी आणि पत्र्याची टोळी वेगळी करणे. सांगाडा उभा करणारे लोक पर्लिन बसवून पुढच्या गावी जातात. पत्रा घालणारे मागून येतात. वेल्डिंग मशीन, जनरेटर आणि पाइप एका टोळीबरोबर. स्क्रू गन, कातर, दोर आणि शिड्या दुसऱ्या टोळीबरोबर. पिकअपच्या फेऱ्या यानेच निम्म्यावर आल्यासारख्या वाटतील.

साइटवरचा (चाकण)

मी मोठ्या औद्योगिक शेडच्या कामांवर नियोजन पाहतो. घरगुती छपरांचा धंदा वेगळा आहे याची कल्पना आहे, तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू होते असे मला वाटते. टोळीला जागेवर पाठवण्यापूर्वी काम खरोखर तयार आहे का, हे कोणीतरी ठरवले पाहिजे, आणि ज्याने ठरवायचे त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार हवा.

तयार काम कशाला म्हणायचे याची व्याख्या लिहून ठेवावी. पत्रा मोजून उतरवून घेतला आहे, कोनाचे पत्रे, भिंतीलगतच्या पट्ट्या, पन्हळी आणि त्यांचे कंस आले आहेत, स्क्रू हिशेबाने आले आहेत, वीज किंवा जनरेटरची सोय आहे, परांची अथवा शिडी लावायला जागा मोकळी आहे आणि ठरलेला हप्ता जमा आहे. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर टोळी त्या जागी जात नाही, दुसऱ्या तयार कामावर जाते. हे वाचताना सोपे वाटते. परंतु ‘तोपर्यंत सुरुवात तरी करा’ हा मालकाचा मोह आवरणे फार कठीण असते, आणि अर्धवट सुरू केलेल्या चार कामांपेक्षा पूर्ण झालेली दोन कामे केव्हाही बरी, कारण पैसे पूर्ण कामाचेच मिळतात.

स्क्रू कमी पडणे हा तर निव्वळ हिशेबाचा भाग आहे. कृष्णाकाठ यांच्याच उदाहरणात 4.26 मीटरच्या उतारावर साधारण पाच पर्लिन येतील. प्रत्येक पत्र्याला प्रत्येक पर्लिनवर चार स्क्रू धरले तर चोवीस पत्र्यांना 480 लागतात. कोनाचे पत्रे आणि कडेच्या पट्ट्या धरून सहाशे पाठवावेत. वळचण, कोपरे आणि गॅबलच्या (छपराच्या त्रिकोणी टोकाच्या) कडा येथे स्क्रू वाढवावेत, कारण वाऱ्याची उचल छपराच्या मध्यापेक्षा कडांना आणि कोपऱ्यांना जास्त असते. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक, म्हणजे आयएस 875 चा तिसरा भाग, कडा आणि कोपऱ्यांसाठी वेगळे, वाढीव गुणांक देतो ते याचसाठी. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा ज्यांनी उडालेली छपरे पाहिली त्यांना हे मुद्दाम समजावून सांगावे लागणार नाही.

जूनच्या गळतीबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण माझ्या मते नियोजनाचा सगळ्यात मोठा चोर तोच आहे. पत्र्याच्या छपरात मधला पत्रा सहसा गळत नाही. गळते ते स्क्रूच्या भोकापाशी, कोनाखाली, भिंतीच्या सांध्यात आणि तुंबलेल्या पन्हळीतून. स्क्रूखालचा वॉशर इपीडीएम या कृत्रिम रबराचा असतो. तो बेताने दाबला गेला पाहिजे. ठोक्याचे यंत्र लावून स्क्रू आवळला की वॉशर चेपून बाहेर येतो, पहिल्या वर्षी गळत नाही आणि दुसऱ्या उन्हाळ्यानंतर गळू लागतो. सैल ठेवला तर लगेच गळतो. खोली ठरवता येणारी स्क्रू गन घेणे हा माझ्या दृष्टीने कोणत्याही ॲपपेक्षा आधीचा खर्च आहे. तसेच रंगीत पत्रा ग्राइंडरने कापू नये. ठिणग्यांनी रंग आणि त्याखालचा जस्त-ॲल्युमिनियमचा थर जळतो आणि कापलेल्या कडेपासून गंज धरतो. कातर किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारे यंत्र) वापरावा आणि भोके पाडताना पडलेला लोखंडी चुरा त्याच संध्याकाळी झाडून काढावा, नाहीतर रात्रीच्या दवाने सकाळी पत्र्यावर तांबडे ठिपके दिसतात आणि गिऱ्हाईक पत्राच खराब आला असे म्हणते.

शेवटी सुरक्षेबद्दल. पट्टा कमरेला आहे पण तो अडकवायला दोर नाही, असे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहतो की तयार कामाच्या यादीत जीवरक्षक दोर बांधण्याची जागा हीदेखील एक नोंद असावी असे सुचवतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय पाय देऊ नये. तो कोणतीही पूर्वसूचना न देता तुटतो. त्यात ॲस्बेस्टॉस असते, म्हणून तो ओला करून अखंड उतरवावा, फोडू नये.

पन्हळ (चिपळूण)

दोघांचेही आभार. दुसऱ्या मापाचा नियम मी लगेच लावतो. परंतु टोळ्या वेगळ्या करण्यात मला दोन अडचणी दिसतात. पहिली, आमच्या गावांमधली अंतरे. गुहागरच्या एखाद्या वाडीत सांगाड्याची टोळी जाणार, तीन-चार दिवसांनी पत्र्याची टोळी पुन्हा तेवढाच प्रवास करणार, आणि वाडीतला शेवटचा टप्पा बहुधा खांद्यावरून माल नेण्याचा असतो. दुसरी अडचण माणसांची. माझे दोन्ही मिस्त्री पहिल्या खांबापासून शेवटच्या कोनापर्यंत काम स्वतःचे मानतात. एकाने केवळ सांगाडा करायचा आणि दुसऱ्याने त्यावर पत्रा घालायचा असे ठरवले, तर गळतीचा दोष एकमेकांवर जाईल. तसेच मापाची जबाबदारी मिस्त्रीकडे द्यावी की माझ्याकडेच ठेवावी? आज मीच मापे घेतो, कारण ऑर्डरचे पैसे माझे जातात. आणि त्यामुळेच सगळे माझ्यापाशी अडते.

वळचण (सावंतवाडी)

आमचा घरचा हाच व्यवसाय असून त्याचे कार्यालय मी सांभाळते. सावंतवाडीपासून पेडण्यापर्यंत कामे असतात. कृष्णाकाठ यांच्या दोन मापांशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र टोळ्या वेगळ्या करण्याचा सल्ला सांगलीच्या सपाट मुलखात जितका चालेल तितका तळकोकणात चालत नाही, असा आमचा अनुभव आहे. आम्ही टोळ्या तशाच ठेवल्या आणि गावे बदलली. एका टोळीला एकाच वेळी एकमेकांच्या जवळची दोन कामे दिली जातात. पहिल्या घराचे पर्लिन बसले की माप कार्यालयात येते, ऑर्डर जाते, आणि पत्रा येईपर्यंत तीच टोळी शेजारच्या वाडीतील दुसऱ्या घराचा सांगाडा उभा करते. मिस्त्रीचे काम मिस्त्रीकडेच राहते, गळतीची जबाबदारीही त्याच्याकडेच राहते आणि प्रवास वाढत नाही. यासाठी कामे स्वीकारतानाच ती गावांच्या गटांत मांडावी लागतात, आणि एखाद्या गिऱ्हाइकाला ‘तुमच्या बाजूला आम्ही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येत आहोत, तेव्हा ठरवलेत तर लगेच होईल’ असे आधी कळवावे लागते. आश्चर्य म्हणजे शिमग्याला आलेले चाकरमानी हे ऐकून लवकर निर्णय घेतात. मे महिन्यात काम करून देण्याचे मोघम आश्वासन मिळाले की तेच लोक निवांत होतात.

मापाबद्दल आमची पद्धत अशी आहे. कार्बनची तीन पानी वही आहे. दुसरे माप मिस्त्री घेतो आणि त्याच पानावर छपराची साधी आकृती काढतो: आढे कोणत्या दिशेला, पाणी कुठे उतरते, भिंत कुठे टेकते, चिमणी किंवा पाण्याची टाकी कुठे मध्ये येते. पत्र्यांची संख्या, लांबी, जाडी आणि रंग हे सर्व त्याच पानावर असते, रंगाचा क्रमांक नमुन्याच्या पट्टीवरून लिहिलेला असतो, आणि खाली गिऱ्हाइकाची सही असते. एक पान गिऱ्हाइकाकडे राहते, एक टोळीकडे आणि एक माझ्याकडे येते. त्या पानाचा फोटो आला की मी फक्त दोन गोष्टी तपासते: पहिल्या मापाशी फार तफावत आहे का, आणि कर्ण जुळतात का. जुळत असतील तर ऑर्डर मी देते. मालकाला विचारत नाही. तफावत असेल तेव्हाच मालक जागेवर जातात. सहीमुळे रंग बदलण्याचे प्रकार जवळपास थांबले आहेत, कारण सही झाल्यावर रंग बदलला तर कापलेल्या पत्र्याची किंमत त्यांच्याकडे, हे त्याच पानावर छापलेले आहे.

ॲपविषयी माझे मत थोडे कडवट आहे. ज्या गावी फोनची रेंज आढ्यावर चढल्यावर मिळते, तेथे मिस्त्रीने प्रत्येक टप्पा मोबाइलवर भरावा ही अपेक्षा कागदावरच शोभते. व्हॉट्सॲपचे गट तर आम्ही बंदच केले. एका गटात सहा घरांचे फोटो, कोणाचा कोन कोणत्या घराचा हे कळेना. त्याऐवजी प्रत्येक कामाला क्रमांक दिला आणि भिंतीवर फळा लावला. फळ्यावर कामाचा क्रमांक आणि पुढे रकाने: पहिले माप, आगाऊ रक्कम, सांगाडा, दुसरे माप, पत्र्याची ऑर्डर, माल पोहोचला, काम पूर्ण, बिल, वसुली. कार्यालयात शिरणाऱ्या कोणालाही कोणते काम कुठे अडले आहे ते एका दृष्टिक्षेपात दिसते, आणि मालकांचा फोन वाजण्याचे प्रमाण कमी होते.

गळतीसाठी स्वतंत्र वही ठेवावी, हे मात्र आग्रहाने सांगेन. तारीख, कामाचा क्रमांक, कोणी केलेले काम आणि पाणी नेमके कुठून आले: स्क्रू, कोन, भिंतीचा सांधा, पन्हळ की पत्र्याचा चढ. जून आणि जुलैमध्ये एक छोटी दोन माणसांची टोळी फक्त याच कामासाठी राखून ठेवावी आणि बाकीच्यांना कारखान्यात पुढच्या हंगामाच्या कैच्या, प्लेट आणि कंस तयार करायला बसवावे. दिवाळीपूर्वी ती वही उघडली की कोणत्या मिस्त्रीला काय शिकवायचे ते आपोआप समजते. आमच्याकडे भिंतीच्या सांध्याची नोंद इतकी वारंवार आढळली की आता चिऱ्याच्या भिंतीत खाच पाडून पट्टी आत बसवल्याशिवाय आणि वरून सिमेंट भरल्याशिवाय काम पूर्ण झाले असे धरत नाहीत. चिरा पाणी पितो. त्याच्यावर नुसते सीलंट फासून भागत नाही.

जमाखर्च (पुणे)

मी करसल्लागार आहे आणि फॅब्रिकेशनच्या काही व्यावसायिकांचे हिशेब पाहतो. वरील चर्चेत हप्त्यांचा उल्लेख आला, म्हणून त्यापुरते लिहितो, कारण कामाचा क्रम आणि पैशाचा क्रम जुळला नाही तर फळा कितीही नीट लिहिला तरी ऑर्डर देण्याच्या दिवशी खात्यात पैसे नसतात.

कृष्णाकाठ यांची दोन मापे हीच हप्त्यांची नैसर्गिक जागा आहे. पहिला हप्ता काम निश्चित करताना, ज्यात किमान सांगाड्याचे लोखंड येईल. दुसरा हप्ता दुसऱ्या मापावर सही होताना, ज्यात पत्र्याची पूर्ण किंमत येईल. तिसरा पत्रा बसल्यावर. कापलेला पत्रा परत जात नसल्यामुळे त्याचे पैसे ऑर्डरपूर्वी हातात असणे अत्यावश्यक आहे. लोखंडाचे दर हलत असल्याने कोटेशनची मुदत तारखेसह लिहावी. फेब्रुवारीत दिलेला दर गिऱ्हाईक मे महिन्यात दाखवते, ही तक्रार मी दरवर्षी ऐकतो.

जीएसटीच्या दृष्टीने एक बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इमारतीला कायमचे जोडून सामानासह छप्पर उभारून देणे हे कार्यकंत्राट ठरते आणि कायद्यात ती सेवा मानली जाते. नुसत्या मालाच्या विक्रीवर आगाऊ रकमेचा कर 15 नोव्हेंबर 2017 पासून आगाऊ भरावा लागत नाही. सेवेवर मात्र आगाऊ रक्कम मिळताच कराची जबाबदारी उभी राहते. म्हणजे मार्चमध्ये घेतलेल्या हप्त्यावरचा 18 टक्के कर, तुम्ही दरमहा विवरणपत्र भरत असाल तर, 20 एप्रिलपर्यंत भरायचा. आणि त्याच कामाचा पत्रा एप्रिलमध्ये खरेदी केला तर त्याच्या कराची वजावट मार्चच्या हिशेबात मिळणार नाही. मधला महिना तुमचा पैसा अडकतो. आगाऊ रक्कम आणि मोठी खरेदी शक्य तेवढी एकाच महिन्यात आणली तर हा ताण बराच कमी होतो. वळचण यांच्या पद्धतीत दुसरा हप्ता आणि पत्र्याची ऑर्डर एकाच आठवड्यात पडतात, म्हणून ती मला हिशेबाच्या बाजूनेही योग्य वाटते. आगाऊ रकमेची पावती स्वतंत्र द्यावी आणि अंतिम बिलात ती वजा दाखवावी.

पहिल्या पावसानंतर द्यायची म्हणून काही गिऱ्हाइके रक्कम मागे ठेवतात. मी त्याच्या विरोधात आहे. जूननंतर नवे काम नसते, मजुरांच्या उचली मात्र सुरू राहतात, आणि अशी छोटी छोटी येणी ऑगस्टपर्यंत रेंगाळतात. त्याऐवजी पहिल्या पावसाळ्यातली गळती विनामूल्य दुरुस्त करून देण्याची लेखी हमी द्यावी आणि पूर्ण रक्कम घ्यावी.

वळचण (सावंतवाडी)

जमाखर्च यांच्या शेवटच्या मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. गावात हमीच्या कागदापेक्षा मागे ठेवलेल्या दोन-तीन हजारांवर लोकांचा विश्वास अधिक असतो, आणि तेवढी रक्कम मागे राहिली की आमचा मिस्त्रीही कोन बसवताना अधिक काळजी घेतो. रक्कम लहान ठेवावी आणि तिची तारीख पावसावर न सोडता 31 जुलै अशी निश्चित लिहावी, एवढे केले की ती रेंगाळत नाही. मोठ्या गोदामांच्या कामात मात्र आम्हीही रक्कम मागे ठेवू देत नाही.

पन्हळ (चिपळूण)

गावांचे गट करण्याची कल्पना आमच्याकडे लगेच बसण्यासारखी आहे. खेडच्या बाजूची कामे एका मिस्त्रीकडे आणि गुहागरची दुसऱ्याकडे देऊन या हंगामाची मांडणी करतो. कार्यालयातील मुलाला दुसऱ्या मापाचे पान तपासायला शिकवायचे आहे. तो हुशार आहे, पण त्याने कधी छप्पर चढून पाहिलेले नाही. आणखी एक विचारतो. दोन मापे घेऊनही जे तुकडे आणि जादा पत्रे उरतात, त्यांचे तुम्ही काय करता? आमच्या अंगणात चार रंगांचे ढीग आहेत.

कृष्णाकाठ (सांगली)

वळचण यांचा गावांच्या गटांचा मुद्दा मला मान्य आहे. आमच्याकडे रस्ते सरळ आहेत, त्यामुळे प्रवासाचा विचार आम्हाला तितकासा करावा लागत नाही.

उरलेल्या पत्र्यांसाठी पहिला उपाय खरेदीच्या आधीचा आहे: रंग कमी ठेवा. आम्ही नमुन्याच्या पट्टीवर चारच रंग दाखवतो आणि पाचवा कोणी मागितला तर त्यासाठी वेगळा दर व पूर्ण आगाऊ रक्कम घेतो. दुसरे, दीड मीटरपेक्षा लांब उरलेल्या प्रत्येक पत्र्यावर आतल्या बाजूने मार्करने लांबी, जाडी आणि रंगाचा क्रमांक लिहून त्याची नोंद वहीत करावी. हे काम पत्रा अंगणात आला त्याच दिवशी व्हायला हवे, कारण ढिगात गेल्यावर 0.45 आणि 0.50 मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही. नव्या कामाची ऑर्डर देण्यापूर्वी ही वही पाहायची. दारावरची छज्जी, पंपाची खोली, जिन्यावरचे टोपण, गोठ्याची पडवी या कामांत ते तुकडे जातात. पत्रे उभे-तिरपे ठेवा, आडवे रचून ठेवू नका. दोन पत्र्यांच्या फटीत पावसाचे पाणी शिरले की न वापरलेल्या पत्र्यावरही पांढरे डाग पडतात.

तुमच्या कार्यालयातील मुलाबद्दल: त्याला पुढच्या दुसऱ्या मापाच्या वेळी मिस्त्रीबरोबर टेपचे दुसरे टोक धरायला पाठवा. कर्ण कशासाठी मोजतात ते त्याला तेथे लगेच कळेल, आणि टेप धरायला एक मदतनीस कमी लागेल.